मुनियाची चोच

शेजारच्या भिंगकाकांकडे वाटी परत करायला गेलं की वाटी घ्यायला कोणी पुढे येत नाही. आधी हुकूम येतो, "दारातच थांब. तिथून सांग, गवत कसं दिसतंय?"

एक चप्पल पायात, एक बाहेर, हातात वाटी अशा अवस्थेत मी टीव्हीकडे बघतो. पडद्यावर एक गेंडा असतो. चित्र थांबवलेलं असल्यामुळे त्याचाही एक पाय हवेत.

"हिरवं," मी म्हणतो.

"हिरवं मलाही कळतं. पाती सुटी दिसतात का लगदा दिसतो?"

ह्या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे. 'सुटी' म्हणालो तर माझी नजर कच्ची. 'लगदा' म्हणालो तर त्यांच्या बेचाळीस इंची टीव्हीचा अपमान. म्हणून मी डोळे बारीक करतो, "मधल्या पट्ट्यात जरा..." एवढंच पुटपुटतो आणि उरलेलं वाक्य वाटीने हवेत पूर्ण करतो.

"बरोब्बर! मधल्या पट्ट्यातच! ये, बस."

गेंड्याचं पुढे काय झालं हे मला आजतागायत माहीत नाही. त्या घरात कुठल्याच प्राण्याचं पुढे काही होत नाही. सिंह झडप घालायच्या आधी थांबतो, कारण आयाळीत केस मोजायचे असतात.

दारावरच्या पाटीवर काकांचं नाव आहे, आडनाव आहे, पण सोसायटीत वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना भिंगकाकाच म्हणतात. पस्तीस वर्षं ते एका छापखान्यात होते. चाररंगी ऑफसेटवर देवादिकांची कॅलेंडरं छापायची हे काम. ऑफसेटवरचा रंग म्हणजे नुसते ठिपके. निळे, किरमिजी, पिवळे, काळे, आणि इंचाला त्यांच्या दीडशे ओळी. चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली की रजिस्टर हलतं आणि लक्ष्मीला दोन नाकं येतात. मशीनमधून निघालेला कागद उचलायचा, लक्ष्मीच्या नाकपुडीवर भिंग टेकवायचं आणि ठिपका ठिपक्यावर बसलाय की नाही ते बघायचं, ह्यावर काकांचा संसार चालला. एवढ्या लक्ष्म्या डोळ्यांखालून गेल्या, पण एकीचाही चेहरा त्यांना आठवत नाही. हे ते अभिमानाने सांगतात.

"चेहरा आपण नसतो रे बघायचा. चेहरा गिऱ्हाईक बघतं."

निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि ते भिंग मिळालं. शाल सुनेकडे गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या. भिंग उरलं.

अर्थात चित्राबाबत शेवटचा शब्द आपला, ही सवय त्याच्याही आधीची. १९७३ साली सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसू लागलं आणि सगळ्या पेठांमधल्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काकांच्या वाड्यात टीव्ही एकच. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि तीन माणसं कामाला लागायची. एक कौलांवर, एक जिन्यात निरोप पोचवायला आणि एक टीव्हीसमोर. कौलांवरच्याचा पाय सरकायचा, जिन्यातल्याचा घसा बसायचा. काका कायम टीव्हीसमोर. "अजून थोडं... आलं... गेलं... होतं तिथेच आण!" हे त्यांनी तरुणपणी इतक्या वेळा म्हटलंय की पुढे नोकरीत आणि संसारात त्यांना वेगळं काही म्हणायची गरजच पडली नाही.

२०११ साली बेंगळुरूच्या मुलाने त्यांना मोठा टीव्ही आणि एचडी सेट-टॉप बॉक्स घेऊन दिला. साधा नव्हे, रेकॉर्डरवाला. पोटात ५०० जीबीची डिस्क. चालू कार्यक्रम थांबवता येतो, मागे नेता येतो, साठवता येतो. वडिलांच्या वेळा चुकू नयेत, त्यांनी निवांत बातम्या बघाव्यात, हा मुलाचा साधा हेतू. आपण एका माणसाच्या हातात वेळ थांबवायचं बटण देतोय, हे त्या बिचाऱ्याच्या लक्षात आलं नाही.

बॉक्स बसवायला आलेल्या पोराने सवयीने पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या टोकांची वायर काढली आणि टीव्हीच्या मागे हात घातला. काकांनी तो हात वरच्यावर धरला.

"ही कसली वायर?"

"चित्राची, काका. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या."

"पिवळीतून एचडी जातं?"

"जात नाय. पण दिसतं ना."

ह्या 'पण दिसतं ना'ने काका इतके हादरले की त्यांनी त्या पोराला खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि बिलाच्या पाठीमागे गणित घातलं. जुनं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. एचडीचं १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागून बघ. बरोबर पाचपट. एक ठिपका इकडे नाही, एक तिकडे नाही. आणि तू म्हणतोस पिवळ्या वायरीतून दिसतं? पाच माणसांचं जेवण मागवायचं आणि चौघांना दारातून परत पाठवायचं?

पोराने निमूट एचडीएमआय लावली. पिवळी वायर काकांनी पिशवीत घालून कपाटात ठेवली. पुरावा म्हणून.

पुढचे पंधरा दिवस काका घरोघरी हिंडत होते. जुजबी बोलणं झालं की ते उठायचे, टीव्ही भिंतीपासून वीतभर ओढायचे आणि मागे बॅटरी मारायचे. आमच्या मजल्यावर तीन घरं एचडीचे पैसे भरून पिवळ्या वायरीवर सुखात नांदत होती. त्यांतलं एक माझं. "दोन वर्षं!" काका जिन्यात उभं राहून म्हणाले. "दोन वर्षं ह्यांनी पैसे भरले आणि ह्यांना कळलं नाही!" माझं पोट संगणकावर चालतं, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला.

आता त्या रेकॉर्डरच्या पोटात काय आहे ते सांगतो. सेकंदाला आठ मेगाबिट धरले तर एचडी चित्राच्या एका तासाला ३.६ जीबी लागतात. म्हणजे ५०० जीबीत शंभरावर तास सहज मावावेत. काकांची डिस्क कायम भरलेली. पण यादी उघडली तर त्यात बघण्यासारखं काही नाही. एक धबधबा. एक कारंजं. दोन वादळं. गुलाल उधळलेली मिरवणूक. विझलेली मेणबत्ती आणि त्यानंतरचा अंधार, मिनिटभर. कुठल्यातरी सिनेमातलं लग्न, फक्त अक्षता पडण्यापुरतं. पण तेवढ्यासाठी अख्खा सिनेमा ठेवलेला, कारण बॉक्सला तुकडा कापून ठेवता येत नाही. पाहुणा आला की काका सिनेमा भराभर पुढे पळवत बोहल्यापर्यंत आणतात.

"आता बघ. मंगलाष्टकं चालू आहेत तोवर चित्र कसं निर्मळ आहे. भटजींच्या कानातले केस मोजून घे. आणि आता... सावधान! गेलं!"

अक्षता पडतात आणि नवऱ्यामुलाच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. काका तिथे चित्र थांबवतात आणि भिंग लावून चौकोन दाखवतात. एकेक सोळा ठिपके रुंद, सोळा उंच. खोटं नाही. चित्र पाठवणारं यंत्र कंजूष असतं. आधीच्या चित्रातलं जे हललं नाही ते पुन्हा पाठवत नाही, सरकलं तेवढंच कळवतं. भटजी जागचे हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर खर्च होत नाही. अक्षतांचा प्रत्येक दाणा मात्र दर क्षणी नव्या जागी असतो, आणि पाठवायला मिळालेला हिस्सा तर तेवढाच. वाढप्याने वरण पन्नास पानांच्या हिशेबाने आणलं आणि पंगतीला दोनशे बसले की तो काय करतो? पाणी घालतो. त्यात उपग्रहाच्या एकाच वाटेवरून अनेक वाहिन्या जातात, म्हणजे मुदपाकखाना एक आणि पंगती आठ-दहा. पलीकडच्या पंगतीला मॅच असली की आपलं वरण आणखी पातळ.

हे मीच त्यांना समजावून सांगितलं होतं. आठवड्याने त्यांनी ते मला समजावून सांगितलं, वरणासकट.

एका मुद्द्यावर मात्र आमचं कधी जमलं नाही. काकांचं मत असं, की चालू चित्र ताजं असतं आणि रेकॉर्ड केलेलं जरा मऊ पडतं. मी परोपरीने सांगितलं, की ह्या बॉक्सात तसं होत नाही. उपग्रहाकडून आकड्यांची जी माळ येते तीच जशीच्या तशी डिस्कवर ठेवली जाते आणि चित्र उलगडतं ते बघताना. आलेलं पाकीट न फोडता फडताळात ठेवलं आणि उद्या फोडलं, तर पत्रातला मजकूर पुसट होतो का?

"शाई सुकते," काका म्हणाले.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. त्यांनी व्हीएचएसचा जमाना काढलेला. त्या फितीत उण्यापुऱ्या २४० ओळींचा तपशील धरायचा आणि कॅसेटवरून कॅसेट केली की नवरानवरी आणखी धूसर. तिसऱ्या प्रतीत सासू कोण आणि सून कोण हे साडीच्या रंगावरून ठरवायचं आणि चौथीत रंगही जायचा. माणूस एका यंत्रावर पोळला की पुढची सगळी यंत्रं फुंकून पितो. पण काका फुंकत नव्हते, भिंग लावत होते. एलसीडीच्या पडद्याला भिंग लावलं की तांबड्या, हिरव्या, निळ्या उभ्या दांड्या दिसतात. पहिल्यांदा ते बघून काका अस्वस्थ झाले. "कागदावर चार रंग, इथे तीनच. काळा कुठाय?" काळा म्हणजे मागचा उजेड अडवणं, असं मी सांगितल्यावर त्यांनी घरातले सगळे दिवे घालवले आणि मेणबत्तीनंतरचा अंधार लावला. मागचा उजेड थोडा झिरपतच होता. काळा कसला, ढगाळ दुपार.

"मला वाटलंच," अंधारातून काका म्हणाले. तेवढ्यात काकू आतून ताट घेऊन आल्या आणि स्टुलाला अडखळल्या. त्या रात्री आमटीने फरशीवर केलेला काळा मात्र अस्सल होता.

काकांना विसरून ह्या इमारतीला सचिनची आठवणही काढता येत नाही. २०१३च्या नोव्हेंबरात वानखेडेवर त्याची दोनशेवी आणि शेवटची कसोटी. १६ तारखेला, शनिवारी, तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या आत वेस्ट इंडीजचा निकाल लागला आणि सचिन बोलायला उभा राहणार असं कळलं. अख्खा मजला काकांकडे जमला. मोठा टीव्ही तेव्हा त्यांच्याकडेच. हातात यादी घेऊन, कोणाचं नाव राहू नये म्हणून बघत बघत, तो वडिलांपासून सुरुवात करून एकेकाचे आभार मानत होता. दिवाणावर बसलेल्या बाप्या माणसांनी चष्मे काढले होते. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि चित्र थांबलं.

सगळ्यांना वाटलं वीज. वीज नव्हती गेली. काका रिमोट घेऊन उभे होते.

"हे बघा. गर्दी. हजारो डोकी आणि कॅमेरा हलता. कसे चौकोन पडलेत उजव्या कोपऱ्यात!"

त्या क्षणी काकांना जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गोंधळात रिमोट दिवाणाखाली गेला. तो सापडून चित्र सुरू होईपर्यंत चार मिनिटं गेली, आणि पुढे नेलं तर मधलं बुडेल म्हणून कोणी पुढे नेऊ देईना. परिणामी सचिनचा उरलेला निरोप आमच्या मजल्यावर चार मिनिटं उशिरा झाला. समोरच्या इमारतीत टाळ्या झाल्या तेव्हा आमच्याकडे तो बोलत होता. समोर सामसूम झाली तेव्हा आमच्याकडे टाळ्या. शेवटी तो एकटा खेळपट्टीकडे गेला, वाकला, मातीला हात लावून कपाळाला लावला, तोवर समोरच्या गॅलरीत एक बाई डोळे पुसून कपडे वाळत घालायला लागल्या होत्या. आमचे हुंदके ऐकून त्यांनी वर बघितलं, की ह्यांच्याकडे आता आणखी काय झालं.

सगळे गेल्यावर मी काकांना विचारलं, "तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाटलं ना. म्हणून तर थांबवलं." आणि भिंगाची काच धोतराच्या टोकाने पुसत बसले.

दोन वर्षांनी त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पिकलेलं भिंग पिवळसर असतं; ते जाऊन नवं बसलं की पांढरं निळसर वाटतं, हे बऱ्याच जणांना जाणवतं. काकांनी पट्टी निघाल्या निघाल्या आळीपाळीने एकेक डोळा झाकून दवाखान्याची भिंत तपासली आणि डॉक्टरांना सांगितलं, "डावा ६५००वर आलाय. उजवा अजून ५०००वरच आहे. जुळवून द्या." पांढरा किती पांढरा हे टीव्हीच्या धंद्यात तापमानात मोजतात आणि ६५०० हा ठरलेला आकडा, हे डॉक्टरांना माहीत नसावं. त्यांनी ताप मोजला.

आता काकूंविषयी. काकूंचं माहेर येवल्याचं. १९७५ साली लग्न होऊन पुण्यात आल्या त्या पेटीत आजीच्या हातची एक आणि आईच्या पसंतीची एक अशा दोन पैठण्या घेऊन. काकांच्या चित्रपरीक्षेत त्या कधीच पडल्या नाहीत. एक तर त्यांच्या मालिका मराठी, आणि मराठी वाहिन्या बरीच वर्षं जुन्या चौकोनी चित्राच्या. काका ते चित्र रुंद पडद्यावर ताणून भरत, त्यामुळे सगळ्या नायिका अंगाने सुटलेल्या. "लग्नानंतर बरीच भरली ही," एवढीच काकूंची नोंद.

२०१६ साली मराठी मनोरंजन वाहिन्या एचडीत आल्या आणि घरातला तोल बदलला. काकू संध्याकाळी भाजी निवडायला टीव्हीसमोर फरशीवर बसायच्या त्या पूर्वीसारख्याच बसल्या, पण आता अधूनमधून आवाज यायला लागले. "वाड्याची भिंत प्लायवूडची आहे, खिळा दिसतोय." "मंगळसूत्र बेन्टेक्सचं." "आजीची भूमिका, पण मानेवर एक सुरकुती नाही. तोंडाला रंग लावला, मान विसरले." आणि साड्या! पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका सासूबाईंना निकालात काढलं. "खानदानी म्हणे! सेमी पैठणी नेसून खानदानी? पदर उडाला तेव्हा उलट्या बाजूला धागे लोंबत होते."

हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच. उलटी बाजू लपवावी लागत नाही. यंत्रमागावरच्या नकलेला पाठीमागे धागे सुटतात. पदर उडाला होता जेमतेम अर्धा सेकंद. मी खास काकांकडून चित्र मागे नेऊन थांबवून घेतलं. धागे होते.

"चांगलं दिसतं हं हिला," काका म्हणाले, "पण शास्त्र नाही त्यामागे."

आणि मग आली २०१७ची दिवाळी. दिवाळीच्या आधी काकांनी सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल आणली, २,८०० रुपयांची. मी म्हटलं, काका, ह्या वायरीतून आकडे जातात. पोचले तर पुरते पोचतात, नाहीतर पडद्यावर ठिणग्या उडतात नाहीतर चित्र जातं. सोन्याने गंज धरत नाही, एवढाच फायदा. काकांनी माझ्याकडे बघितलं ते, ज्याने दोन वर्षं पिवळ्या वायरीवर काढली त्याच्याकडे बघावं तसं.

दिवाळीत बेंगळुरूचा नातू आला, गेला. भाऊबीज झाली. त्यानंतर काकांच्या आनंदाला पारावार नव्हता. "केबल बदलल्यापासून बघ. काय खोली आलीय! काळा बघ, काळा. रेकॉर्डिंगही मऊ पडत नाही आता." सोसायटीतल्या दोघांनी त्या भरात तसल्या केबली मागवल्या. मीही बघायला गेलो. मला नेहमीसारखंच वाटलं, पण मी वाटी फिरवत "मधल्या पट्ट्यात..." म्हटलं आणि सुटलो.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच होतो. काकू फरशीवर मेथी निवडत होत्या. मालिकेत डोहाळजेवण चाललं होतं. काकूंचा हात थांबला.

"अहो, टीव्ही बिघडलाय."

"काहीतरीच काय! कधी नव्हे इतकं चांगलं..."

"मुनियाला चोच नाही."

"कुणाला?"

"मुनियाला हो. काठावरचे पोपट. तिची मुनिया काठाची पैठणी आहे ना, पाडव्याच्या आधी नेसली होती तीच. हिरवा पोपट, तांबडी चोच. तेव्हा चोच दिसत होती. आता नुसते हिरवट बोळे आहेत. आठवडा झाला, रोज बघतेय. मला वाटलं तुम्ही मुद्दाम काही लावलंय."

काका हसले. मग हसायचे थांबले. भिंग घेऊन उठले, काठापाशी डोळा नेला, आणि तसेच वाकून राहिले. मी टीव्ही भिंतीपासून वीतभर ओढला आणि मोबाइलची बॅटरी मारली.

सोन्याचं टोक हवेत लोंबत होतं. त्यावर कोळ्याने जाळं धरायला सुरुवातही केली होती. बॉक्समधून टीव्हीत जात होती ती पिवळी, तांबडी आणि पांढरी. नातवाने खेळाचं यंत्र लावायला टीव्हीचं एकुलतं एक धड एचडीएमआयचं भोक मोकळं केलं, आजीची मालिका चुकू नये म्हणून कपाटातल्या पिशवीतली जुनी वायर शोधून बॉक्सला लावली, आणि सुट्टी संपल्यावर आपलं यंत्र घेऊन गेला. पोरगं गुणी आहे.

कोणी काही बोललं नाही. पडद्यावर ओटी भरत होते. मी गुपचूप वायरी बदलल्या. चित्र क्षणभर गेलं, आलं, आणि काठावर एकेक पोपट चोचीसकट बसला.

"आली," काकू म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या.

मी घरी येऊन विचार करत बसलो, की काकूंना हे दिसलंच कसं. रंगाच्या बाबतीत टीव्ही फार काटकसरी असतो. उजेड-अंधार ठिपक्याठिपक्याला पाठवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकदाच. आपला डोळा रंगाच्या बारकाव्यात आळशी, म्हणून हे खपतं. पिवळ्या वायरीत तर रंग आणखी दाटीवाटीने कोंबतात आणि तांबडा शेजारच्या रंगात फुटतो. म्हणजे चित्र खालावलं की पहिल्यांदा काय जाईल? हिरव्यावरचा तांबडा टिपका. साक्षात मुनियाची चोच. कुठल्या तंत्रज्ञाने बसून शोधली असती तरी ह्याहून नेमकी परीक्षा सापडली नसती.

आणि दुसरी गोष्ट मी दुसऱ्या दिवशी फूटपट्टी नेऊन मोजली. एचडी चित्र पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावरून बघावं, असा ठोकताळा आहे. बेचाळीस इंची पडद्याची उंची साडेवीस इंच, म्हणजे अंतर झालं पाच फूट. काकांची आरामखुर्ची अकरा फुटांवर. तिथून ठिपके कोणालाच वेगळे दिसत नाहीत. आणि ते उठले की थेट भिंग लावून, एका बोटाच्या अंतरावर. तिथून ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही. काकूंची मेथीची परात मात्र, उजेड बरा येतो म्हणून, टीव्हीपासून बरोबर पाचव्या फुटावर असते.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आठवडाभर ते कोणाकडे गेले नाहीत आणि कोणाला दारात थांबवलं नाही. वाटी परत करायला गेलो तर काकांनी ती चक्क हातात घेतली. मला चुटपुट लागली.

त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या दारातून ओळखीचा आवाज आला. खालच्या मजल्यावर नवीन आलेले गृहस्थ, एक चप्पल पायात, एक बाहेर, असे उंबऱ्यात उभे होते. पडद्यावर ते डोहाळजेवण थांबवलेलं होतं. लग्न काढून टाकून काकांनी त्याला डिस्कवर जागा दिली होती.

"काठ बघा. पोपट दिसतो? आता चोच सांगा. तांबडी दिसते का हिरव्यात फुटते? ह्याला मी मुनिया टेस्ट म्हणतो. रंगाचा सगळा घोटाळा ह्या एका चोचीत सापडतो. मात्र बघायचं पाच फुटांवरून. पुढे नाही, मागे नाही."

गृहस्थ भारावले. "तुम्ही शोधलीत ही?"

"आता काय सांगायचं," काका म्हणाले. "चाळीस वर्षं लागतात अशी नजर तयार व्हायला."

"बेचाळीस," फरशीवरून काकू म्हणाल्या.

"इंच," काकांनी पाहुण्यांना खुलासा केला. "टीव्ही बेचाळीस इंची आहे."

काकूंनी मेथीचं एक पान उजेडाला धरून बघितलं. किडकं निघालं. बाजूला टाकलं.